चिखलदऱ्यास चहा का पिकला नाही?

चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘उष्ण कटिबंधातील थंड डोंगर’ असा. वैशाखाच्या तोंडाशी भरणाऱ्या व्याख्यानमालेस तो शोभतो खरा. सभागृहातले पंखे गरम हवाच ढवळीत असताना थंड प्रदेशाचे नुसते नाव ऐकूनही थोडे बरे वाटते. परंतु आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते थोडे नगर वाचनालयात आणि बरेचसे संपाच्या मंडपात. तेव्हा धबधबे, धुके आणि सूर्यास्त यांचे वर्णन आमच्याकडून नीट व्हावयाचे नाही. ते काम करणारे लेखक पुष्कळ आहेत. आम्हांस या विषयात एक प्रश्न दिसला, आणि तो वऱ्हाडापुरता आहे म्हणून तोच आपल्यापुढे ठेवतो. आपल्या उशाशी सुमारे अकराशे मीटर उंचीचे एक थंड पठार आहे. जगात अशी पठारे इंग्रजाच्या हाती लागली तेथे बहुधा चहाचे मळे झाले. चिखलदऱ्यास ते झाले नाहीत. का झाले नाहीत, आणि न झाल्यामुळे तेथल्या माणसाचे काय वाचले व काय वाचले नाही?

प्रथम जागा ध्यानात घेऊ. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून धामणगाव गढी, तेथून घाट लागतो आणि मोथ्याच्या अलीकडे कोठेतरी हवा पालटते. ही हवा पालटण्याची जागा दर फेरीस थोडी वर सरकते असा आमच्या सोबत्यांचा दावा आहे. त्याचे शास्त्र आम्हांस ठाऊक नाही. मोथा हे गवळ्यांचे गाव. येथला खवा प्रसिद्ध आहे, आणि आता स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. पुढे चिखलदरा. भीमाने कीचकास मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, तिचाच अपभ्रंश चिखलदरा, असे लोक सांगतात. जवळच वैराट आहे, भीमकुंड आहे. म्हणजे महाभारतातला अज्ञातवास लोकांनी या डोंगरात नीट बसवून घेतला आहे. ही कथा आम्हांस एका कारणासाठी आवडते. पांडव येथे आले ते हवा खावयास नव्हे, परक्याच्या घरी चाकरी करावयास आले होते.

या डोंगरावर इंग्रज आला तोही हवेसाठी नव्हे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तेथून पळालेल्यांपैकी बरेच लोक गाविलगडात शिरले. गड बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधविला. त्याच्याही आधी तेथे गवळ्यांची वस्ती व कोट होता, असे नावच सांगते. किल्ला दक्षिणेकडून चढून जाण्यासारखा नाही. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगराला वळसा घालून उत्तरेकडील लबाड्याच्या बाजूस आली. ७ ते १२ डिसेंबर असे सहा दिवस जड तोफा रस्ता नसलेल्या डोंगरातून हातांनी ओढून न्याव्या लागल्या. रस्ताही त्यांनीच पुढे पुढे करीत जावयाचा. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. शाळेच्या पुस्तकात वेलस्लीचे नाव येते, बेनीसिंहाचेही येते. तोफांचे दोर ज्यांच्या खांद्यांवर होते त्यांचे येत नाही. चिखलदऱ्याच्या अंगाखांद्यावर आधुनिक काळातली पहिली वाट त्यांनी पाडली, एवढे तरी आपण म्हणू.

पुढे वीस वर्षांनी, १८२३ साली, हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्यास पोहोचला आणि ‘शोध’ लागला. खाली एलिचपुरास, म्हणजे आपल्या अचलपुरास, छावणी. तेथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांस उन्हाळा सोसेना. तेव्हा वर बंगले झाले, बागा झाल्या, तळी झाली, आणि दऱ्यांच्या कडांस इंग्रजी नावे मिळाली. त्यांपैकी काही नावे अजून आहेत. जेथे कोरकू आणि गवळी पिढ्यानपिढ्या राहत होते त्या जागेचा शोध लागतो म्हणजे काय, हा प्रश्न आता जुना झाला. त्यावर वेळ घालवीत नाही.

येथे जरा दूरचे एक गाव पाहू, कारण तुलनेवाचून आमचा प्रश्न उलगडत नाही. सिलोनातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, नुवारा एलिया. उंची सुमारे १,८६८ मीटर. कँडीचे राज्य १८१५ साली इंग्रजांकडे गेले. चार वर्षांनी, १८१९ साली, जॉन डेव्ही नावाचा डॉक्टर तेथे पोहोचला. पुढे गव्हर्नर बार्न्सने आजारी गोऱ्यांसाठी तेथे आरोग्यधाम काढले. आधी लढाई, मग शोध, मग बंगले. येथवर चिखलदरा आणि नुवारा एलिया ही सख्खी भावंडे आहेत. फाटा पुढे फुटतो. सिलोनच्या डोंगरात गोऱ्या भांडवलदारांनी जंगल तोडून कॉफी लावली. १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या वीस वर्षांत तो धंदा बसला. त्याआधी दोनच वर्षे, १८६७ साली, जेम्स टेलर याने लूलकंदुरा येथे १९ एकरांत चहा लावून ठेवला होता. कॉफी मेली, चहा उभा राहिला.

मळे कॉफीचे असोत की चहाचे, त्यांस हात लागतात. तेथले सिंहली शेतकरी आपले भात सोडून मळ्यावर बाराही महिने राबावयास तयार नव्हते. म्हणून तमिळ मुलखातून, दुष्काळाने व कर्जाने पिचलेली कुटुंबे नेण्यात आली. चहा पाच-सात दिवसांनी पुन्हा खुडावा लागतो. दोन पाने व एक कळी. ते काम बायकांच्या बोटांवर चालले. पिढ्या गेल्या. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी झालेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने या मळेवाल्या मजुरांपैकी बहुतेकांस देशच उरला नाही. १९६४ साली सिरिमाव्हो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांचा करार झाला. त्यात ५,२५,००० माणसे हिंदुस्थानने घ्यावयाची, ३,००,००० सिलोनने, आणि १,५०,००० जणांचे मागाहून पाहावयाचे, असे ठरले. आम्ही तडजोडीच्या टेबलाशी पुष्कळ बसलो आहोत. बोनसाचे टक्के असे वाटून घेतात. माणसांची वाटणी याच हिशेबाने झालेली वाचली तेव्हा ते पुस्तक आम्ही मिटून ठेवले होते. राहिलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न सुटावयास २००३ साल उजाडले.

आता चिखलदऱ्याकडे वळू. येथे कॉफी आली, हे आपणां सर्वांस माहीत आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकविणारी जागा म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतात, आणि येथल्या बागांत ती आजही दिसते. पण ती बागेपुरतीच राहिली, मुलूख व्यापणारी झाली नाही. चहा तर मुळीच नाही. याची काही कारणे निसर्गाने घातलेली आहेत. चहाला वर्षभर वाटून पडणारा पाऊस लागतो. नुवारा एलियास दोन्ही मोसमांचा मिळतो. चिखलदऱ्यास अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो हे खरे, परंतु तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. फाल्गुनापासून मृगापर्यंत डोंगर कोरडा. चहाला आंबट माती मानवते. आपला सातपुडा येथे काळ्या पाषाणाचा, आणि त्याची माती कापसाच्या नात्यातली. शिवाय पठार आटोपशीर आहे. चहूकडे कडे तुटलेले. शेकडो एकरांचे सलग मळे मांडावे अशी ती जागाच नव्हे.

पण निसर्गावर सारे ढकलून मोकळे होता येत नाही. जेथे नफा दिसतो तेथे भांडवल मातीलाही वळविते. वऱ्हाडात त्यास दुसरीकडे नफा दिसला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीस सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून नागपुरास गेली. जिन उभे राहिले, प्रेस उभे राहिले, खामगाव, अकोला, अमरावती ही बाजारपेठांची गावे फुगली. ज्याच्यापाशी पैसा होता त्याला तो रुईत घालावयाचा होता. वर डोंगरात कॉफीची रोपे लावून चार-पाच वर्षे वाट कोण पाहणार?

आणि डोंगराकडून राज्यकर्त्यांस एकच वस्तू हवी होती. रेल्वेला सागवान पाहिजे होते. मेळघाटात ते उदंड होते. चहाच्या मुलखात जंगल तोडून मळा करणे हा फायदा होता. मेळघाटात जंगल कुंपणात घेणे हा फायदा ठरला. १८६० नंतरच्या दशकात मेळघाटची जंगले राखीव होऊ लागली. हिंदुस्थानात जंगलाचे कायदे १८६५ आणि १८७८ साली झाले. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, म्हणून येथला कायद्याचा कागद वेगळा, परंतु रीत तीच. तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, चिखलदऱ्यास चहा पिकला नाही याला पाऊस कारण आहे, माती कारण आहे, आणि खालचा कापूस व वरचा सागही तितकाच कारण आहे.

आता त्या साऱ्यात सापडलेला माणूस. कोरकू डोंगरउतारावरचा झाडोरा कापून, जाळून, त्या राखेत कोदो-कुटकी पेरीत असे आणि दोन-चार वर्षांनी जागा बदलीत असे. त्याची भाषा मराठीच्या नात्याची नाही, गोंडीच्याही नाही. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातील भाषांची पाहणी केली, तिच्या १९०६ साली निघालेल्या खंडात ती मुंडारी आणि संथाळी यांच्या कुळात घातली आहे. या कुळाची सर्वांत पश्चिमेची भाषा ती हीच. मध्ये केवढा मुलूख पसरला आहे पाहा: इकडे मेळघाट आणि तिकडे छोटा नागपूर. हे भाषेचे नाते आम्हांस समजले आणि चहाची गोष्ट एकदम घराजवळ आली. कारण आसामच्या चहासाठी माणसे नेली ती छोटा नागपुरातून आणि संथाळ परगण्यातून. आरकाटी नावाचे दलाल आगाऊ रक्कम देऊन, अंगठा घेऊन, त्यांस आगबोटीत भरीत. १८५९ च्या कायद्याने करार मोडणारा मजूर गुन्हेगार ठरे. १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुरास पकडण्याचा अधिकार मळेवाल्यासच मिळाला. मे १९२१ मध्ये बराक खोऱ्यातील चरगोला भागातले हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून पायी निघाले. चांदपूरच्या स्टेशनात रात्री त्यांच्यावर गुरखे शिपाई घातले. ते ऐकून आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी आणि आगबोटीवरच्या खलाशांनी संप केला. एकाच्या दुःखासाठी दुसऱ्या धंद्यातल्या माणसाने आपली रोजी सोडावी, असे संप आमच्या हयातीत फार पाहण्यात आले नाहीत, म्हणून हा मुद्दाम सांगितला.

म्हणजे कोरकूचे भाषाबंधू चहात गेले. कोरकू घरीच राहिला. त्याचे नशीब बरे म्हणावे काय? आम्हांस वाटते, घाई करू नये. जंगल राखीव झाल्यावर त्याची फिरती शेती गुन्हा ठरली. पण कूप तोडावयास, सागाचे ओंडके ओढावयास, वणवा विझवावयास, जाळरेषा साफ करावयास माणसे तर हवीत. म्हणून जंगलखात्याने आपल्या हद्दीत वनग्रामे वसविली. कोरकूस तेथे घर आणि जमिनीचा तुकडा मिळे, पण पट्टा मालकीचा नाही. आणि खात्याचे बोलावणे आले की कामास जावयाचे ही त्यातली अट. आसामात मजुरास जमिनीपासून तोडून कराराने बांधले. मेळघाटात त्यास जमिनीच्या तुकड्यालाच बांधले. आरकाटी येथे आला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

चळवळीच्या दृष्टीने यात एक मोठा फरक पडला, आणि आजच्या विषयात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. मळ्यातला मजूर एके जागी हजारोंनी राहतो. त्याची हजेरी असते, मस्टर असते, वजनकाटा असतो. अन्याय होतो तोही सर्वांस एकदम दिसतो. म्हणून १९५१ साली मळा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घर, दवाखाना, पाळणाघर ही कागदावर तरी मालकाची जबाबदारी ठरली. वनग्रामातला कोरकू चार महिने शेतकरी, दोन महिने कूपाचा मजूर, पुढे रस्त्याचा, आणि उरलेल्या दिवसांत मोहाचा आणि तेंदूपानाचा. तो कोणाच्या मस्टरवर? ज्याला कामगार म्हणावे तर वर्षभर काम नाही आणि शेतकरी म्हणावे तर सातबारा नाही, त्याची युनियन कशी बांधावयाची, याचे उत्तर आमच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तिकडे ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली उठले, आमच्याच वऱ्हाडात १९३० साली पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. मेळघाटचा कोरकू मात्र आमच्या चळवळीच्या इतिहासात फार थोड्या ओळींत येतो.

मळ्यातल्या युनियनचेही फार गोडवे गाऊ नयेत. केरळातील मुन्नार हा असाच थंड, चहाचा डोंगर. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथल्या चहा खुडणाऱ्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. बोनस आदल्या वर्षीच्या १९ टक्क्यांवरून १० वर आणला होता. त्यांची मागणी वीसची. नऊ दिवस त्या हटल्या नाहीत, आणि बोनस व सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के घेऊनच उठल्या. यात आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही की, त्यांनी कोणत्याही युनियनच्या पुढाऱ्यास आपल्यात बसू दिले नाही. पुढारी मालकाकडून सवलती घेतात, असे त्या उघड म्हणत होत्या. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, एवढेच नाव त्यांनी घेतले. आम्ही ही बातमी आमच्या मंडळींत मोठ्याने वाचली, तेव्हा माथाडीतल्या दोन बायांनी एकमेकींकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत.

चिखलदऱ्यास आम्ही कार्यकर्ते मिळून दोनदा गेलो. एकदा मे महिन्यात, बाजार समितीतल्या हमालांची सहल घेऊन, आणि एकदा जानेवारीत. मे महिन्यातली सहल आनंदाची झाली. शंभर किलोंचे बोरे उचलणारी माणसे घोड्यावर बसावयास भितात हे तेथे कळले. परतवाड्यास अंग भाजत होते आणि वर रात्री पांघरूण मागावे लागले. आमच्यातला एक म्हातारा हमाल म्हणाला की, साठ वर्षांत मे महिन्यात आपण प्रथमच झोपलो. जानेवारीत गेलो तेव्हा एका बागेत कॉफीची लाल फळे झाडांवर होती. सावलीच्या मोठ्या झाडांखाली कोरकू बाया ती एकेक करून वेचीत होत्या, हिरवी मागे ठेवून. आमच्या बायकांस ते काम लगेच उमगले, कारण कापूस वेचणे असेच असते. दोन्हीकडच्या बाया एकमेकींची बोटे पाहू लागल्या. कापसाच्या बोंडाने फाटलेली नखे आणि कॉफीच्या चिकाने काळी पडलेली. भाषा फारशी जुळत नव्हती. दुपारी चहा झाला, तोही बिनदुधाचा, गुळाचा. कॉफी वेचणाऱ्या घरात कॉफी नव्हती. चहाची पुडी परतवाड्याच्या बाजारातून आणलेली, आणि त्यातली भुकटी आसामातली.

स्वराज्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊंपैकी तो एक. साग तोडणे जेथे हक्काने चाले तेथे आता काडीही हलवू नये असे ठरले. वाघ वाचला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु कूपाचे काम गेले त्याबदल्यात कोरकूस काय मिळाले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या आणि मंत्र्यांच्या मोटारी घाट चढू लागल्या. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला होता; काम निघते, मजुरी मात्र महिनोन्‌महिने येत नाही, ही तक्रार तेथे आम्ही दर फेरीस ऐकतो. त्यामुळे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरतात, वीटभट्टीवर, हरभऱ्याच्या सोंगणीस, संत्र्याच्या बागांत. आणि होळीस काहीही करून परत जातात, कारण होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. आपण थंड हवेसाठी वर जातो त्याच घाटाने ते पोटासाठी खाली येतात. घाटात एस.टी. थांबते तेव्हा दोघांची भेट होते.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यास जमिनीचा आणि ग्रामसभेस जंगलाचा हक्क त्याने मान्य केला. काही गावांनी तो मिळविला. त्याच वर्षांत प्रकल्पाच्या गाभ्यातली काही गावे उठवून खाली अकोला जिल्ह्यातील आकोट, तेल्हारा या तालुक्यांत वसविण्यात येत होती. ज्यांनी कधी पंखा पाहिला नव्हता त्यांस आपल्या मैदानी उन्हात, पत्र्याच्या छपराखाली आणून बसविले. पैसे मिळाले, ते सरले. शेतजमिनीची वाट पाहून काही कुटुंबे आपल्या जुन्या गावठाणांवर परत गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे वनखाते व पोलीस यांच्याशी त्यांची झटापट झाली; दोन्हीकडची माणसे जखमी झाली. अखेर त्यांस पुन्हा खाली यावे लागले. त्यांच्यातली काही तरुण मुले आता हंगामात बाजारात हमालीस येतात. आमच्या रजिस्टरात नाव घालताना एक रकाना गावाचा असतो. तेथे ती अजून वरच्या गावाचेच नाव सांगतात, आणि आमचा कारकून तेच लिहितो.